शाळेतल्या कौन्सेलर मॅडमना लेकीने काय सांगितलं ते आईला कळायला नको का?

रातांबा:
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.
मुलगी नववीत आहे, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं हायस्कूल. चवथीची (गणपतीची) सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि वर्गशिक्षिकेचा फोन आला की इंग्लिशच्या तासाला हिला वाचायला उभं केलं की आवाजच फुटत नाही, एकदा तर हात थरथरून पुस्तक खाली पडलं आणि पोरं हसली. घरी मला यातलं एक अक्षर माहीत नाही. शाळेत दर शुक्रवारी कौन्सेलर येतात, त्यांच्याकडे पाठवू का विचारलं, मी हो म्हटलं. तीनदा जाऊन आली. मग मी भेटायला गेले तर मॅडम म्हणतात, "ती प्रयत्न करतेय, काळजी करू नका, पण आमच्यात काय बोलणं झालं ते तिला विचारल्याशिवाय मी सांगणार नाही."
अहो मी आई आहे तिची, शेजारीण नाही!
घरी विचारलं की "काही नाही गं" आणि डोकं मोबाईलमध्ये. मिस्टर म्हणतात बंद करून टाक हे सगळं, गावात कळलं तर लोक काय काय बोलतील. पण एक सांगू का, शुक्रवारी ती मला उठवायला लागत नाही. बाकी चार दिवस तीन हाका. म्हणून बंद करायलाही मन होत नाही. तुम्ही काय केलं असतं?

साखळीकर:
यात विचारण्यासारखं काय आहे? मूल अठराच्या आत आहे, पालकाला कळलंच पाहिजे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा बघा, अल्पवयीन मुलाचा नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणजे पालकच. हेडमास्तरांना लेखी द्या, पोच घ्या.

पोदेर:
आमच्या वेळी कौन्सेलिंग म्हणजे वेताची छडी. एका सेशनमध्ये गुण, फॉलोअप लागत नसे. आणि मास्तर सगळी गुप्त माहिती संध्याकाळी तिंट्यावर (नाक्यावर) बाबांना स्वतः नेऊन देत असत 😄

रातांबा:
@साखळीकर लेखी वगैरे नको हो, उद्या तिलाच त्या शाळेत जायचंय.

माटोळी:
शुक्रवारी स्वतःहून उठते म्हणताय ना, मग तुम्हाला उत्तर मिळालंय की. माझं मत, थोडं थांबा.

चिऱ्याचं_घर:
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. हल्ली पोराला साधं वाईट वाटलं तरी कौन्सेलर. वर्गात वाचायची भीती कोणाला नव्हती? मला दहावीपर्यंत होती, आज पंचायतीत उभा राहून भांडतो. वर्षभरापूर्वी बहिणीच्या मुलाला असंच एका 'व्यक्तिमत्त्व विकास' वाल्याकडे नेलं होतं, नाव घेत नाही. दोन दिवसांचं शिबिर, फी वाचून मेव्हणा खुर्चीत बसला. शिकवलं काय तर आरशासमोर उभं राहून "आय ॲम अ टायगर" ओरडायचं. पोरगा घरी आला तो घसा बसवून, आठ दिवस मिठाच्या गुळण्या. आत्मविश्वास होता तिथेच आहे.

पोदेर:
टायगर म्हादईच्या जंगलात शोभतो, हॉलमध्ये कशाला.

निरगाठ:
मी शाळांमध्ये कौन्सेलर म्हणून बरीच वर्षं काम केलंय (आता घरच्या कारणाने सोडलंय), म्हणून सविस्तर लिहिते.
@चिऱ्याचं_घर, तुम्ही सांगताय ते कौन्सेलिंग नव्हेच. दोन दिवसांचा कोर्स करून कोच झालेले पुष्कळ आहेत. बिनधास्त विचारायचं, शिक्षण काय, सायकॉलॉजी किंवा समुपदेशनात पदवी आहे का, कोणाच्या देखरेखीखाली काम केलंय. चांगला माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. शाळेतल्या कौन्सेलर औषधं देत नाहीत, तो मानसोपचारतज्ज्ञांचा भाग.
@रातांबा, तुमच्या जागी मीही चिडले असते. पण पहिल्याच भेटीत आम्ही मुलांना सांगतो की तू इथे बोललेलं माझ्याकडे राहील, तीन गोष्टी सोडून. तू स्वतःला इजा करणार असशील, दुसऱ्या कोणाला करणार असशील, किंवा तुला कोणी त्रास देत असेल, लैंगिक छळ वगैरे. या तिन्हींत मी गप्प बसणार नाही. लैंगिक छळ असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवावंच लागतं, गुप्त ठेवायचं ठरवलं तरी ठेवता येत नाही. म्हणजे मॅडम तुम्हाला "काळजी करू नका" म्हणाल्या त्याचा अर्थ त्या तीनपैकी काही त्यांना दिसलेलं नाही. ही बरीच मोठी बातमी आहे, तुमच्या रागात ती हरवली असं मला वाटतं.
@साखळीकर, तो कायदा उपचार आणि दाखल करण्याच्या निर्णयांबद्दल आहे. पालकाने वाक्य न वाक्य ऐकावं असं त्यात नाही.
आणि हे गुप्त का ठेवायचं त्याचं कारण अगदी घरगुती आहे. मूल आज सांगतं "मला वाचायची भीती वाटते", ते मी आईला सांगितलं, आईने रात्री जेवताना काढलं, "एवढ्याशा गोष्टीला घाबरतेस?" झालं. पुढच्या शुक्रवारी ते मूल माझ्यासमोर बसून हवामानावर बोलणार.

माटोळी:
हवामानावर 😂 माझा मुलगा सध्या याच टप्प्यात आहे.

रातांबा:
जेवताना काढणारी आई मीच. कसं ओळखलंत?

निरगाठ:
सगळ्याच काढतात, मीपण काढते. स्वतःच्या मुलाची कौन्सेलर होता येत नाही.
बाकी खोलीचंही ऐका. एका शाळेत मला दिलेली खोली म्हणजे पीटीच्या सामानाची. फुटबॉलच्या जाळ्या, ग्राउंडवर रेषा मारायच्या चुन्याची पोती, दाराला कडी नाही. मी भांडून आणखी एक खुर्ची मिळवली. पण गंमत अशी की मुलं तिथे मोकळी बोलायची, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं पोरगा बॉल आणायला गेलाय. 'कौन्सेलिंग रूम' अशी पाटी लावलेल्या दुसऱ्या शाळेत पहिले दोन महिने कोणी फिरकलं नाही.

रातांबा:
आमच्या मॅडम लायब्ररीत कपाटामागे बसतात, म्हणजे त्या तुम्ही नव्हेत. हुश्श.

पेडणेकर_बाय:
आमच्याकडे कौन्सेलरच्या आधी देवाकडे जातात. माझा धाकटा भाऊ आठवीत असाच बोलायचा बंद झाला होता, मावशीने देवळात प्रसाद लावला. देवाला कळ्या लावल्या, सगळे घामाघूम होऊन बघत बसलो आणि एकदाची उजवी कळी पडली, म्हणजे देव हो म्हणाला. मग भटजी भावाला म्हणाले, "देवान उजवो दिला, आता तुका कितें जाय तें सांग." आणि तो खरंच बोलला हो! चौदा लोकांसमोर म्हणाला, मला ट्यूशनला जायचं नाही. बाबा गप्प.

साखळीकर:
देवाने गुप्तता पाळली नाही म्हणायची.

पेडणेकर_बाय:
@साखळीकर 😂😂 पण ट्यूशन सुटली ना.

चिऱ्याचं_घर:
हे बघा, फुकटात झालं.

निरगाठ:
शाळेतलंही फुकटच असतं दादा. आणि त्या भटजींनी विचारलेला प्रश्न, तुला काय हवं ते सांग, आमच्या कोर्समध्ये हा विचारायला शिकायला दोन वर्षं लागतात.

दोन_पोरींचा_बाप:
मिस्टरांच्या बाजूने दोन शब्द. बापाला भीती वेगळीच असते. आमच्या लहानपणी कोणी जरा विचित्र वागला की "बांबोळीला पोचवूया काय तुला" ही घरातली मस्करी, बांबोळी म्हणजे तिथलं मानसोपचार इस्पितळ. ती डोक्यात बसलेली असते, कौन्सेलर शब्द ऐकला की डायरेक्ट बांबोळीच दिसते. मधल्या पायऱ्या दिसतच नाहीत. माझं मत बदललं ते थोरलीच्या वेळी, पण ती तिची गोष्ट आहे, इथे लिहीत नाही.

पोदेर:
बाप सुधारला, गुप्तता शिकला 👏

कदंबा_शेवटची_बस:
दोन_पोरींचा_बाप +१. माझ्या भावाला खरंच बांबोळीला नेत होतो, वर्षभर ओपीडी. तिथे रांगेत आमच्याच गावचे दोघे भेटले. तिघांनी एकमेकांकडे बघून न बघितल्यासारखं केलं. नंतर गावात कधी कोणी शब्द काढला नाही, कारण काढला तर स्वतः तिथे काय करत होतात ते सांगावं लागतं.

मळभ:
मी सत्तरी तालुक्यातला, वय २२, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मोठा प्रतिसाद आहे, कंटाळा आला तर पुढे जा.
चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळा. वर्गात आम्ही अकरा जण. वक्तृत्वात तालुक्याला दोनदा नंबर, जत्रेतल्या नाटकात बालकलाकार लागला की मला बोलवायचे, रोहिदास, ध्रुव, काय वाट्टेल ते. पाचवीत हायस्कूलला गेलो आणि सगळं इंग्लिश. पहिल्या आठवड्यात सायन्सच्या सरांनी काहीतरी विचारलं, मला उत्तर येत होतं, पण ते मराठीत येत होतं. उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. सर म्हणाले सिट डाऊन. मी जो बसलो तो सात वर्षं बसलो.
मार्क बरे पडायचे म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. गप्प पोरगा म्हणजे शहाणा पोरगा अशी आपली समजूत. अकरावीत केमिस्ट्रीच्या व्हायवाला (तोंडी परीक्षेला) घाम फुटला, छातीत धडधड, श्वास पुरेना, मला वाटलं हार्ट अटॅकच. आरोग्य केंद्रात नेलं, ईसीजी नॉर्मल. पॅनिक अटॅक होता. तो दहाएक मिनिटांत शिगेला जातो आणि उतरतो, पण ती दहा मिनिटं सांगून कळायची नाहीत. मग हायर सेकंडरीतल्या कौन्सेलर मॅडमकडे पाठवलं. मी आत गेलो आणि सवयीने इंग्लिशमध्ये सुरुवात केली, माय प्रॉब्लेम इज, आणि अडकलो. त्या म्हणाल्या, "घरी ज्या भाषेत भांडतोस त्या भाषेत सांग."
मी रडलो यार. सरळ रडलो.
नंतर त्यांनी भीतीची शिडी काढायला लावली. सगळ्यात कमी भीती वाटते ते खाली, सगळ्यात जास्त ते वर, प्रत्येकाला दहापैकी मार्क. माझं खालचं होतं कदंब बसच्या कंडक्टरला स्टॉप आला की मोठ्याने थांबवायला सांगणं, तीन मार्क. त्याआधी मी कोणीतरी दुसरा उतरेल म्हणून वाट बघायचो आणि कधीकधी पुढच्या स्टॉपवरून चालत यायचो, हे घरी आजही माहीत नाही. मग दुकानात वस्तू परत करणं. मग वर्गात आठवड्याला एक प्रश्न, तो आधी वहीत लिहून. एक पायरी कंटाळा येईपर्यंत करायची, मग वरची. वर होता व्हायवा, दहा मार्क. वर्षभर लागलं. भीती गेलेली नाही, व्हायवा आता चारवर आहे.
@चिऱ्याचं_घर काका, टायगर वगैरे कोणी ओरडायला लावलं नाही. कंडक्टरला ओरडायला लावलं.

माटोळी:
पुढच्या स्टॉपवरून चालत यायचो... हे वाचून थांबले जरा.

चिऱ्याचं_घर:
मळभ, पोरा, हे मला माहीत नव्हतं. माझं वरचं अर्धं मागे घेतो. टायगरवालं नाही घेत.

निवृत्त_मास्तर:
मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मळभने लिहिलं ते आम्ही दरवर्षी बघायचो आणि हात बांधून बसायचो. चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी, पाचवीला एकदम सगळे विषय इंग्रजीतून. मे महिन्याच्या सुट्टीत मूल तेच राहतं, भाषा बदलते. आमच्याकडून वाघासारखी गेलेली मुलं (पुन्हा वाघ आला, माफ करा) सहामाहीला भेटायला यायची ती खाली मान घालून. माध्यमाचा वाद मला इथे काढायचा नाही,

साखळीकर:
काढूच नका. त्यावर आधीच वेगळे धागे आहेत आणि सगळ्यात मी आहे.

निवृत्त_मास्तर:
वाक्य पूर्ण करू द्या की. वाद काढायचा नाही, एवढंच म्हणतो की वर्गात न बोलणाऱ्या मुलाला आपण लाजाळू, घाबरट म्हणतो तेव्हा आधी बघावं, ते कोणत्या भाषेत गप्प आहे. घरी गणपतीच्या आरतीला ती मुलगी मोठ्याने म्हणते का? म्हणत असेल तर गोष्ट वेगळी.

रातांबा:
सर, आरतीला तिचा आवाज सगळ्यात वर असतो. घुमटही वाजवते.
आता एक कबूल करते, शिव्या द्या. तुमचा प्रतिसाद वाचून काल ती अंघोळीला गेल्यावर मी तिचं दप्तर उघडलं. इंग्लिशचं पुस्तक काढलं. प्रत्येक धड्यात, प्रत्येक कठीण शब्दाच्या डोक्यावर इतक्या बारीक पेन्सिलीने मराठीत उच्चार लिहिलेत, मला चष्मा लावावा लागला. thorough या शब्दावर 'थोरोघ' लिहून पुढे प्रश्नचिन्ह. 'आयलंड' लिहिलंय आणि खाली छापलेल्या शब्दातला एस अगदी हलक्या हाताने खोडलाय, जणू पुस्तकाला लागेल. काही उच्चार खोडून परत लिहून कागद भुरा झालाय. एवढं कधी करते ही? मला वाटायचं मोबाईल बघतेय.
पुस्तक होतं तसं ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

माटोळी:
😢

साखळीकर:
दप्तर तपासायला नको होतं.

पोदेर:
@साखळीकर पहिल्या प्रतिसादात हेडमास्तरांची पोच मागणारे तुम्हीच ना?

साखळीकर:
माणूस धागा वाचता वाचता सुधारू शकतो.

निरगाठ:
रातांबाताई, शिव्या नाहीत. फक्त तिला "मी बघितलं" म्हणून पुरावा दाखवू नका, तिने तो लपवायला एवढी बारीक पेन्सिल वापरलीय. कौन्सेलर मॅडमना फोन करा, म्हणा मला तिचं काही सांगू नका, पण मला कळलेलं एक तुम्हाला सांगू का? उलट्या बाजूने माहिती द्यायला काहीच हरकत नसते. आणि तिला चालणार असेल तर एकदा तिघी मिळून बसा, तिच्यासमोर, तिने ठरवलेल्या विषयावर.
धागा पुढे जाईल म्हणून हेही इथेच लिहून ठेवते. झोप उडणं, जेवण तुटणं, आवडीच्या गोष्टी सोडून देणं दोनेक आठवडे चाललं, तर शुक्रवारची वाट बघू नका. आणि जगण्यात अर्थ नाही असं काही मूल बोललं, मस्करीत बोललं तरी, तर त्याच दिवशी बांबोळी गाठा. रात्र असेल तर टेली मानस या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मुलांना स्वतःहून फोन करायचा असेल तर १०९८ पण आहे.

कदंबा_शेवटची_बस:
१४४१६ ला मी केलाय, भावासाठी. उचलतात.

दोन_पोरींचा_बाप:
शाळेत कौन्सेलरच नसेल तर? आमच्या धाकटीच्या शाळेत एकच बाई, तीन शाळा फिरतात, मध्येच काँट्रॅक्ट संपलं की महिनाभर कोणी नाही. मूल बोलायला लागतं आणि माणूस बदलतो.

निरगाठ:
तुमची तक्रार शंभर टक्के खरी. नवीन आलेल्या बाईसमोर मुलाला परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं, तिथे बरीच गळतात. पण नेहमी मोठी डिग्रीच लागते असंही नाही. आपल्या पर्वरीच्या संगत संस्थेने, १९९६ पासून आहे ती, डॉक्टर नसलेल्या साध्या लोकांना नीट शिकवून, वर देखरेख ठेवून गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत समुपदेशन करून दाखवलं, जगभर त्याचा अभ्यास होतो. शिकवणं आणि देखरेख मात्र हवीच, नाहीतर टायगर.

पणजीचा_पारवा:
एवढे प्रतिसाद झाले आणि आबे फारीयाला कोणी आणलं नाही? पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला पुतळा आहे ना, खाली बाई पडलेली आणि हा वर हात पसरून, टुरिस्ट फोटो काढतात आणि भुताचा पुतळा म्हणतात. कांदोळीचा पाद्री, १७५६ चा जन्म, संमोहनात जगभर नाव. आल्तिनोवरच्या जुन्या मानसोपचार इस्पितळालाही त्याचंच नाव होतं.
तर दंतकथा अशी की पोर्तुगालला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि समोरचा थाट बघून दातखीळ बसली. आपल्या मळभसारखीच. मागे बाप उभा होता, तो हळूच कोकणीत म्हणाला, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." आणि हा सुटला. संमोहनाचा पहिला धडा तोच म्हणतात. मुलीला सांगा, वर्गात बसलीय ती सगळी भाजी.

पोदेर:
आमच्या वर्गात तर बहुतेक दुधी होते.

मळभ:
पारवाबाब, गोष्ट भारी. आणि घरच्या भाषेत सांगितलं म्हणून चाललं, पोर्तुगीजमध्ये सांगितलं असतं तर गडी तिथेच आडवा.

रातांबा:
मी तेच म्हणतेय, बाप मागे उभा होता! मग मला का उभं राहू देत नाहीत?

निवृत्त_मास्तर:
उभा होता, पण त्याने "काल मठात काय बोललास" असं विचारलं नाही हो. चार शब्द बोलला आणि गप्प राहिला.

माटोळी:
सर 👌

रातांबा:
घ्या. आता यावर काय बोलू. भांडी घासायला जाते.

चिऱ्याचं_घर:
दहा दिवस झाले. रातांबाताई, पुढे काय? मी रोज येऊन बघतोय, बायको विचारते कसली मॅच आहे.

रातांबा:
सॉरी, परीक्षा चालू होत्या. मॅडमना फोन केला, पेन्सिलीचं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत," आणि अजूनही मला काहीही सांगत नाहीत. मिस्टरांना हा धागा वाचायला दिला, ते दोन_पोरींचा_बाप यांच्या प्रतिसादावर बराच वेळ थांबले होते. शुक्रवारी आता तेच तिला बसस्टॉपवर सोडतात, विचारत काही नाहीत.
मी तिला म्हटलं, शुक्रवारचं मी विचारणार नाही, तुला माझ्याकडून काही हवं असेल तर सांग. म्हणाली बघते.

साखळीकर:
मग मूळ प्रश्न? कळलं का ती काय बोलली ते?

रातांबा:
नाही.
पण काल संध्याकाळी मी आदोळीवर नारळ खवत होते, ही पुस्तक घेऊन बाजूला येऊन बसली, चुरा खात. खाता खाता पान माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, आई हा शब्द कसा म्हणतात गं? थोरोघ वालाच. मी म्हटलं मलाही येत नाही, मीपण मराठीतून दहावी. मग दोघींनी मोबाईलवर लावून चार वेळा ऐकला. तिने वरचं खोडून नवीन लिहिलं, या वेळी पेनाने.

पोदेर:
अहो मग उच्चार सांगा की. मी तीस वर्षं थ्रू म्हणतोय.